सरजाबाईचे वाकलेले मूग

पांगरदऱ्याच्या मठासमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लोह्याहून टेम्पो भरून माणसं आली होती, कंधारकडच्या जीपा बाभळीखाली लागल्या होत्या. पत्र्याच्या मांडवात बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, पुरुष कडेनं उभे. ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांनी मोबाइल डोक्यावर धरून ठेवले होते. समोरच्या ओट्यावर आठ मडकी पालथी घातली होती. त्यांच्या कडा चिखलानं लिंपलेल्या आणि प्रत्येकावर खडूनं एकेका बाईचं नाव.

मी त्या गर्दीत कशी, ते आधी सांगते. माझं नाव विशाखा. लोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. बारावीतली पुनम दहा दिवस प्रात्यक्षिकाला आली नव्हती. त्या सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, आज आईचं मडकं उघडणार हायत. तुम्ही या ना." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. मी स्कूटी काढली.

पुनमची आई म्हणजे सरजाबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिचा चुलत दीर व्यंकटराव शेजारीच राहायचा. त्याचा अकरा महिन्यांचा नातू पंधरा दिवसांपासून हगवणीनं वाळत चालला होता. दवाखाना सोडून व्यंकटरावानं मठ गाठला, आणि मठातून उत्तर आलं की घराजवळच्याच एका बाईची नजर आहे. घराजवळ बाई एकच होती. तिच्या वाट्याचं विहिरीलगतचं वावर व्यंकटराव तीन वर्षांपासून मागत होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या दिवशी कुणालाच आठवत नव्हतं.

शंख वाजला. अंकुरनाथ महाराज बाहेर आले. हिरवी रेशमी लुंगी, तेलानं निथळणारे केस आणि गळ्यात मोड आलेल्या हरभऱ्याची माळ. माळ कालची असावी. तिचा आंबूस वास तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता आणि बायका तो वास हातानं स्वतःकडे ओढून घेत होत्या.

"बी खोटं बोलत न्हाई!" महाराज गरजले. "माणूस खोटं बोलतो. कोरट खोटं बोलतं. डॉक्टरची मशीन खोटं बोलती. पर बी? बी धरतीच्या पोटातून बोलतं! किनवटच्या जंगलात बारा वर्सं ह्या अंगठ्यावर उभा ऱ्हायलो. बारा वर्सं अन्नाचा कण घेतला न्हाई. शेवटी एका दाण्यानंच कानात सांगितलं, अंकुरनाथा, पापी कोण ते मी दावतो!"

बारा वर्षं कण न घेतलेल्या माणसाचं पोट लुंगीच्या गाठीवर ओघळलं होतं. पण हसणारी मी एकटीच ठरले असते, म्हणून मीही हसले नाही.

रीत अशी होती. ज्यांच्यावर संशय असेल त्या गावोगावच्या बायांची परीक्षा एकदमच व्हायची. बाईनं आपल्या हातानं परळात, म्हणजे मातीनं भरलेल्या पसरट थाळीत, भिजवलेले मूग पेरायचे. महाराज त्यावर तीर्थ शिंपडणार. मग वर मडकं पालथं घालायचं. मडक्याच्या आत लाल फडक्यात बांधलेला अंगारा लोंबत असायचा. चार दिवस मडकी कुलपात. पाचव्या दिवशी उघडायची. मन साफ असेल तर कोंब सरळ आणि उंच. मनात पाप असेल तर कोंब तसं सांगणार.

पहिलं मडकं उचललं. वीतभर उंच, सरळ, पिवळसर पांढऱ्या कोंबांचं रान उभं होतं. "ओऽऽ" करून मांडव उसासला. नाव पुकारलेली बाई रडत रडत महाराजांच्या पायावर पडली. दुसरं मडकं, तिसरं, सातही तशीच. अंधारात ठेवलेला मूग उजेड शोधत लांबडा आणि फिका होतो, हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्या मांडवातल्या निम्म्यांनी ते पुस्तक पाठ करून परीक्षा दिली होती.

आठवं मडकं सरजाबाईचं. महाराजांनी ते सावकाश उचललं, आत डोकावले आणि दचकल्यासारखं करून मागे सरले.

परळातले कोंब उगवले होते, पण बोटाच्या पेराएवढेच. नेहमीच्या दुप्पट जाड. आणि एकूणएक कोंबाची मान खाली वळून आत गेलेली, गळासारखी.

"बगा! पापाच्या वज्यानं मान वाकली! माय धरतीला त्वांड दावायची लाज वाटून ऱ्हायली ह्यांना!"

मी तसा कोंब ओळखला.  बुटका, जाड आणि मान वाकलेला. ही तीन लक्षणं एकत्र मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मी पुढे वाकून पाहिलं. सात मडक्यांतली लाल पुरचुंडी लाल दोऱ्यानं बांधलेली होती. सरजाबाईच्या मडक्यातली काळ्या दोऱ्यानं.

त्यानंतर जे झालं ते लिहिताना आजही किळस येते. महाराजांनी परळातला गढूळ चिखल पाण्यात कालवला आणि सरजाबाईला प्यायला लावला. मग तिची चप्पल तिच्याच दातात धरायला लावली आणि मठाला तीन फेऱ्या मारायला सांगितल्या. जिच्या हातची खिचडी खाऊन त्या गावची पोरं वाढली ती बाई तोंडात चप्पल धरून चालत होती. आया पोरांना पदराआड घेत होत्या. एक मास्तर, हो, शाळेतलाच, मोबाइल आडवा धरून चित्रण करत होता. पुनम खांबाला धरून उभी होती. आणि मी? पहिली फेरी संपेपर्यंत मीही गप्प उभी होते. ते मी लपवणार नाही.

दुसऱ्या फेरीला मी पुढे झाले आणि सरजाबाईच्या तोंडातली चप्पल काढून घेतली.

मांडवात एकच कालवा झाला. व्यंकटराव अंगावर आला. "ओ मॅडम! तुमी मधात पडू नका. तुमचा देवावर इस्वास न्हाई, आमाला ठावं हाय."

"मी देवाचं बोलतच नाही, व्यंकटराव," मी म्हटलं, "मी मुगाचं बोलते. बी खोटं बोलत नाही ना? मग पुन्हा एकदा विचारू या त्याला. चूक झाली असेल तर एका बाईचं आयुष्य जाईल."

महाराजांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई आहे, एकटी आहे, मास्तरीण आहे. त्यांना गंमत वाटली असावी. "हजार बार लाव, बेटी. बी हमेशा तेच सांगणार."

"लावते. पण माझी एक अट आहे. कोंब यायला चार दिवस लागणार. तोवर हे लेकरू नांदेडच्या सरकारी दवाखान्यात राहील. पाचव्या दिवशी कोंब जे सांगतील ते सगळे ऐकू."

व्यंकटराव नाही म्हणणार होता. पण त्याची सून गौरम्मा, देगलूरकडची, जेमतेम वीस वर्षांची, लेकरू छातीशी घेऊन मागच्या रांगेतून उठली. पोराचे डोळे खोल गेले होते, टाळू खड्ड्यासारखी आत बसली होती. ती कुणाचीच परवानगी न घेता म्हणाली, "अय्यो, मामा, मी जाते. महाराजांचं खरं असंल तर दवाखान्यात नेल्यानं काय बिघडतंय?" आणि ती सरळ माझ्या स्कूटीकडे चालू लागली.

गावचे जुने पोलीस पाटील ग्यानोबा तात्या तिथंच बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण नेहमी जिकडे गर्दी तिकडे. त्यांनी घसा खाकरला. "अट वाजवी हाय. जाऊ द्या पोरीला." एका जीपवाल्यानं गौरम्माला बसवून घेतलं आणि जीप नांदेडच्या रस्त्याला लागली.

मग दोनच मडकी लावायची ठरली, सरजाबाईचं आणि व्यंकटरावाचं. दोघांनी आपापल्या परळात मूग पेरले.  महाराज आतल्या खोलीत जाऊन दोन पुरचुंड्या बांधून घेऊन आले. एक लाल दोऱ्याची आणि एक काळ्या दोऱ्याची. काळी सरजाबाईपुढे ठेवली.

मी म्हटलं, "तात्या, एक विचारू? पाप बियात उतरतं की पुरचुंडीत?"

"बियात," तात्या म्हणाले. "म्हाराज तसंच सांगत्यात."

"मग दोघांनी पुरचुंड्या बदलल्या तर चालेल ना? अंगारा तर सगळ्यांचा एकच."

महाराजांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. "न्हाई! अंगारा ज्याच्या त्याच्या नावाचा मंतरलेला असतो..."

"म्हंजे पाप अंगाऱ्यात हाय की बियात?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. तेवढ्या हसण्यानं व्यंकटरावाला पीळ चढला. त्यानं काळ्या दोऱ्याची पुरचुंडी उचलून स्वतःच्या मडक्यात टांगली. "द्या इकडं! माज्या मनात पाप न्हाई, मी कशाला भ्यावं?"

त्या क्षणी महाराजांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. आपल्याच बैलानं शिंग मारावं तशी नजर.

मडकी लिंपली. चिखलावर तात्यांनी आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी अंगठे उमटवले. खोलीला तात्यांचं कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या कमरेला गेली.

संध्याकाळी मी पुनमच्या घरी गेले. सरजाबाई चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मी पोलिसांत तक्रार द्यायचं काढलं. "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, बाई. आज जे केलं तो गुन्हा आहे."

"पोलीस येतील आन् जातील," ती म्हणाली. "मला इथंच ऱ्हायचं हाय. लोकांच्या मनातून निघालं न्हाई तर कागदाला घिऊन काय करू?" मग तिनंच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. माज्या हाताला काही हाय का? मूग म्या पेरला, आन् असा कामून आला?"

ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. चिखल पाजला, चप्पल धरायला लावली, ते एक वेळ बाजूला ठेवा. त्या माणसानं एका शहाण्या बाईला स्वतःच्या हातांवर शंका घ्यायला लावली होती.

मी पुनमकडे वळले. "कोंब पाहिलास ना? काय दिसलं?"

ती रडून रडून सुजली होती. तरी हळूहळू म्हणाली, "बुटका... जाड... मान वाकलेली." मग तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, इथिलीन?"

"मला काय विचारतेस? घरात डबे आहेत, मूग आहेत. दुकानात केळी आहेत. तूच सांग मला पाचव्या दिवशी."

चार दिवस तिनं काय केलं ते तिनं मला मागून सांगितलं. स्टीलचे दोन घट्ट झाकणाचे डबे घेतले. दोन्हींत ओल्या फडक्यावर मूग टाकले. एका डब्यात मुगाला लागणार नाही अशा बेतानं एक पिकून काळं पडलेलं केळ ठेवलं. दोन्ही डबे कोठीत ठेवले. सरजाबाई त्या कोठीच्या दाराकडेही पाहत नव्हती.

इकडे महाराजांना तिसऱ्या दिवशी अचानक हिमालयातून हाक आली. पण भक्तांची गर्दी दुप्पट झाली होती. भक्तांनीच त्यांना जाऊ दिलं नाही. आणि चौथ्या दिवशी नांदेडहून फोन आला. नातू सलाइनवर तरतरला होता, आईचं दूध प्यायला लागला होता. डॉक्टरांनी गौरम्माला सांगितलं होतं की अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर काही करता आलं नसतं. ही बातमी मठात पोचली तेव्हा महाराजांनी काय करावं? शंख वाजवला! "पापिणीनं चप्पल धरली, म्हणून लेकरू उठलं!" व्यंकटरावानं पेढे वाटले. रात्रभर जागून लेकराच्या शिरेत सुई शोधणाऱ्या सिस्टरचं नाव कुणी घेतलं नाही.

पाचव्या दिवशी मांडव फुटायचा बाकी होता. तात्यांनी कुलूप काढलं. अंगठ्यांचे ठसे शाबूत होते.

सरजाबाईचं मडकं उचललं. वीतभर उंच, सरळ कोंब.

व्यंकटरावाचं मडकं उचललं. बुटके, जाड आणि माना वाकलेले.

 व्यंकटरावाचं तोंड उघडंच राहिलं. मग महाराज दोन्ही हात वर करून थरथरू लागले. मी हे होणार हे धरूनच आले होते. असल्या माणसांच्या दुकानाला मागचं दार असतंच.

"चेटूक! चेटूक! बगा हिची ताकद! आपलं पाप सरळ दिराच्या परळात ढकललं!"

आणि खरं सांगते, लोकांनी माना डोलावल्या. डोळ्यांसमोर सगळं उघडं पडलेलं असताना! "हाव, असंल बी," म्हणत दोघीचौघी बायका सरजाबाईपासून सरकून बसल्या. मला तेव्हा महाराजांपेक्षा त्या सरकण्याचा जास्त तिटकारा आला.

तेवढ्यात पुनम उठली. हातात दोन डबे. ओट्यावर चढून तिनं झाकणं काढली.

"ह्यो डबा बगा. ह्यात नुसते मूग." लांब, सरळ कोंब. "आन् ह्यो बगा. ह्यात मूग आन् एक पिकलेलं केळ." बुटके, जाड, माना वाकलेले. हुबेहूब. "दोनी डब्यांत मूग म्याच टाकले, एकाच मुठीतले. कुणाचं नाव लिवलं न्हाई, मंतर म्हटला न्हाई. मग सांगा महाराज, ह्या केळानं कुणावर करणी केली?"

पहिल्यांदाच मांडवातून खरं हसू आलं.

"पिकतं फळ एक गॅस सोडतं," पुनम बोलत राहिली.  "त्याचं नाव इथिलीन. झाडाच्या अंगातही तो तयार होतो. मातीत ढेकूळ आडवं आलं की कोंब हा गॅस जास्त बनवतो. मग उंच जायाचं थांबतो, जाड होतो, आन् मान खाली घालतो. मानेच्या आतल्या अंगाला ऑक्सिन नावाचं दुसरं द्रव्य साठतं, त्या अंगाची वाढ मंदावते, बाहेरचं अंग वाढत ऱ्हातं, म्हणून मान वळते. कशापायी? शेंड्याचं कवळं पान ढेकळाला घासून फाटू नये म्हणून. मान पुढं करून माती ढकलायची, शेंडा मागं राखायचा. मॅडमनी आमाला हे वर्गात शिकवलंय. त्यात पाप कुठं आलं?"

मी तात्यांना म्हटलं, "आता ती काळ्या दोऱ्याची पुरचुंडी सोडा."

तात्यांनी गाठ सोडली. चिमूटभर राख निघाली, आणि तिच्याखाली एक छोटी ओलसर पांढरी पुडी. पुडीवर छापलेलं होतं. तात्यांनी चष्मा लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "फळे पिकवण्यासाठी."

"अरे, ही तर आंब्याच्या पेटीत टाकत्यात ती पुडी!" मागून कुणीतरी ओरडलं. त्या मांडवात ही पुडी न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. ओली झाली की ती तोच इथिलीन सोडते.

लाल दोऱ्याच्या पुरचुंडीत नुसती राख होती. आतली खोली उघडली तेव्हा अशा पुड्यांचं खोकं सापडलं, आणि तीर्थाच्या तांब्याजवळ आणखी एक पाकीट. तात्यांचा जावई औशाकडे द्राक्षं पिकवतो, त्यांनी ते लगेच ओळखलं. मणी लांबवायला बागेत मारतात ती जीए पावडर. म्हणजे जिबरेलिन, वाढीचं तिसरं द्रव्य. तीर्थातून ते सगळ्यांच्याच मुगांना मिळत होतं. जिबरेलिन म्हणतं, ताण. अंधारही म्हणतो, ताण. इथिलीन म्हणतं, थांब, जाड हो, मान राख. कोंबाला ह्या सगळ्यांचं ऐकावं लागतं आणि ज्याचा जोर जास्त तसं त्याचं रूप होतं. बंद मडक्यात पुडीचा जोर भारी पडत होता. बियाच्या आतली ही ओढाताण कोट्यवधी वर्षांपासून चालू आहे. पेरणाऱ्याचा हात कुणाचा, ह्याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

महाराज मागच्या बाजूनं निघायच्या बेतात होते. हरभऱ्याची माळ खिळ्याला अडकून तुटली, आणि ज्या बायका ती हुंगत होत्या त्यांनीच त्यांना अडवलं. तासाभरात पोलीस आले.

चौकशीत कळलं की अंकुरनाथ म्हणजे गुंडप्पा. किनवटचं जंगल त्यानं पाहिलंही नव्हतं. बारा नव्हे, चार वर्षं तो अर्धापूरकडे केळी पिकवायच्या एका गोदामात हमाल होता. कामगार उसळीसाठी तिथं मटकी भिजवून ठेवायचे. ती मटकी दर वेळी बुटकी, जाड आणि वाकडीच यायची. घरी तीच मटकी सरळ यायची. बाकीचे उसळ खाऊन मोकळे झाले. ह्यानं मात्र त्यात लक्ष घातलं. हे निरीक्षण माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं केलं असतं तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते. ह्या माणसाला डोळे होते, बुद्धी होती, चिकाटी होती. आणि ती सगळी त्यानं कशाला लावली? एका बाईच्या दातात चप्पल द्यायला. थुंकावंसं वाटतं ते इथं.

पण एवढ्यावर संपलं असं समजू नका. पोलिसांची गाडी उभी असतानाच एक बाई माझ्याजवळ आली. आधीच्या सातांपैकी एक. हळूच म्हणाली, "मॅडम, ते सरजाबाईचं खोटं होतं, समजलं. पर माजा कोंब तर सरळ आला होता. म्हंजे माजं मन साफ हाय, एवढं तर खरं ना?"  दुसऱ्याच्या माथ्यावरचा डाग खोटा निघाला तर चालतो. आपल्याला मिळालेला दाखला मात्र कुणाला खोटा नको असतो. असल्या महाराजांचं पोट त्या दाखल्यांवरच तर वाढतं.

तक्रार लिहायला हवालदार बसला तेव्हा सरजाबाई स्वतः पुढे आली. तिनं महाराजाचं नाव सांगितलं आणि त्याच्याखाली व्यंकटरावाचं. व्यंकटराव खाली मान घालून उभा होता. माफी त्यानं मागितली नाही, आजवर मागितलेली नाही. तात्या मध्ये पडले. "सरजा, घरातलं हाय. म्हाराजाचं नाव दे, दिराचं वगळ. गावात मिटवून घिऊ."

सरजाबाई म्हणाली, "तात्या, चप्पल माज्या दातात होती. तुमच्या न्हाई."

आणि तिनं सही केली. अंगठा नव्हे, सही. पुनमनं तिला शिकवलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत खिचडी शिजवली. सगळी पोरं जेवली. आठवड्यानं गौरम्मा लेकराला घेऊन आली आणि तिनं ते सरजाबाईच्या मांडीवर ठेवलं.  सासरा ओट्यावरून पाहत होता.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरात मूठभर मूग असतील, दोन डबे असतील. एकात पिकलेलं केळ ठेवा, दुसऱ्यात नको. चार दिवसांनी स्वतः झाकण उघडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग जो कुणी कोंबावरून, लिंबावरून, तांदळावरून एखाद्या बाईचं नाव घेईल त्याला भर मांडवात विचारा: बाबा, तुझी पुरचुंडी सोडून दाखव.

आणि घरात लेकरू आजारी असेल तर हा प्रयोग मागून करा. आधी त्याला दवाखान्यात न्या.